थांबलेली सभा

फार फार पूर्वीची गोष्ट. उत्तरेकडच्या थंड मुलखात, जिथे गावांपेक्षा तळी जास्त, तिथे एका मोठ्या तळ्याकाठी अनिशिनाबे लोकांची वस्ती होती. त्यांचा भात तळ्यातच आपोआप उगवायचा. तो पेरावा लागत नसे, पण जपावा लागे. भात पिकला की बायामाणसं होड्या घेऊन जात, काठीने लोंब्या होडीत झोडत आणि जे दाणे पाण्यात पडत ते पडू देत. तेच पुढच्या वर्षीचं बी.

या लोकांना राजा नव्हता. भूर्जवृक्षांखाली सगळे गोल बसत आणि मिळून ठरवत. त्यांची रीत मोठी विलक्षण होती. सभेतल्या प्रत्येकाला गोष्ट समजली आणि प्रत्येकाने आपलं मत सांगितलं, तरच ती ठरली म्हणायची. एखादा गप्प राहिला तर त्याचा विचार चाललाय असं समजून बाकीचे थांबत, मग दिवस का जाईनात. आपल्याकडे लग्नाची तारीख काढतानाही कोणी एवढा धीर धरत नाही!

वस्तीचा मुखिया भला माणूस होता, आणि तो भलेपणाच त्याला नडला. झालं असं की, पलीकडच्या राजाचा एक अंमलदार वस्तीवर आला. गोड बोलणारा, येताना लोखंडी भांडी भेट आणणारा. सभेत बिचाऱ्याला काही कळेना. मुखिया म्हणाला, "पाहुणा नुसता आपल्या तोंडाकडे बघत बसलाय, बरं दिसतं का ते? आजच्या दिवस त्याच्या भाषेत बोलू."

तो आजचा दिवस काही संपला नाही. अंमलदार दर हंगामात येऊ लागला आणि सभा त्याच्याच भाषेत चालू राहिली. ती भाषा न येणाऱ्या म्हाताऱ्या आधी मागे सरकल्या, मग घरीच राहू लागल्या. मुखियाने मुलालाही लहानपणापासून तीच शिकवली. पोरगा ती फाडफाड बोलतो याचं त्याला कोण कौतुक! मुखियाची थोरली बहीण तेवढी एकदा म्हणाली, "अरे, पाहुण्याला कळावं म्हणून घरच्यांना कळेनासं झालं की!" मुखियाने ते हसण्यावारी नेलं.

एका वर्षी, भात अजून हिरवागार असताना, तळ्याच्या तोंडाशी मोठमोठ्या नावा येऊन उभ्या राहिल्या. नावांत विळे घेतलेली माणसं होती. अंमलदार सभेत येऊन म्हणाला, "यापुढे तळ्याचा कारभार आमचे महाराज बघतील. कापणी कधी आणि कुणी करायची ते तेच ठरवतील. तुम्हाला बसल्या जागी पीठ मिळेल." सभेच्या होकाराशिवाय तळ्याला हात लावणार नाही, असा शब्द राजाने आसपासच्या सगळ्या वस्त्यांना दिला होता. म्हणून तर हा आटापिटा.

मुखियाने तळ्याकडे पाहिलं. भात हिरवाच कापला तर पिकला दाणा पाण्यात पडणार नाही. मग पुढच्या वर्षी तळ्यात नुसतं पाणी, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी तेच.

"कुणाचा विरोध?" अंमलदाराने विचारलं.

कोणी बोललं नाही. सगळे खाली बघत होते.

"नाही ना? मग ठरलं!" म्हणत तो उठलाच.

"थांबा," मुखिया म्हणाला. "अजून कोणीच बोललेलं नाही."

"म्हणूनच ठरलं," अंमलदार हसला आणि नावांना खूण करायला काठाकडे वळला.

माणसं गप्प आहेत म्हणजे ती विचार करताहेत, हे मुखियाला ठाऊक होतं. पण सभेत पाहुण्याची भाषा आली आणि तिच्यामागोमाग पाहुण्याची रीतही आली होती. दोघींना दार त्यानेच उघडून दिलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग तो आपल्या भाषेत ओरडला, "सभा सुटलेली नाही! घरी आहेत त्यांनाही बोलवा."

कितीतरी वर्षांनी त्याने सभेत ते शब्द उच्चारले होते. जीभ जड झाली होती, पण माणसं खाली बसली. म्हाताऱ्या आल्या. अंमलदाराचा हात अर्ध्यातच राहिला, कारण सभा बसलेली असताना नावा आत घातल्या असत्या तर राजाचा शब्द मोडला असता. एकेक जण बोलू लागला आणि प्रत्येकाने नाही म्हटलं. अंमलदार "काय म्हणतोय? ही काय म्हणतेय?" असं विचारत राहिला.

शेवटी राहिला मुखियाचा मुलगा. त्याचा चेहरा लाल झाला. तो अंमलदाराच्या भाषेत म्हणाला, "बाबा, मला निम्मं कळलंच नाही. जे कळलं नाही त्याला नाही तरी कसं म्हणू?"

"मी समजावतो त्याला!" अंमलदाराने संधी साधली. "माझ्या भाषेत घटकाभराचं काम. मग त्याच भाषेत सगळ्यांनाच पुन्हा विचारू."

सगळे मुखियाकडे बघू लागले. मुलाला तोही त्या भाषेत समजावू शकत होता. मुलगा नाही म्हणाला असता आणि सूर्य मावळायच्या आत सगळं मिटलं असतं. पण तळ्याचा शेवटचा निकाल मग पाहुण्याच्या भाषेत लागला असता, आणि पुढचा प्रश्न पाहुण्यानेच विचारला असता.

"तो शिकेपर्यंत आम्ही थांबू," मुखिया म्हणाला.

"किती दिवस?"

"लागतील तितके."

अंमलदाराला ती थट्टा वाटली. पण सभा खरोखरच सुटली नाही. लोक जेवायला जात, कामं करत आणि परत येऊन बसत.

आत्याने भाच्याला हाताला धरून होडीत घातलं. "आधी कान उघडे ठेव, तोंड नंतर." तो शब्द असे काही मोडायचा की बाया पोट धरून हसायच्या. एकदा तो चिडून म्हणाला, "मला नाही जमणार, आत्या!" ती शांतपणे म्हणाली, "मग त्या नावा राहू देत तिथेच," आणि तिने होडीची काठी त्याच्या हातात दिली. तो परत शिकायला लागला.

तोवर भात पिकला. नवं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून जुनीच वहिवाट चालली. लोकांनी भात झोडला, दाणे पाण्यात पडले. नावांमधल्यांची शिधासामग्री संपत आली. तळ्याच्या कडेने बर्फ धरू लागला, तशा त्या नावा अडकायच्या भीतीने एकेक करून माघारी फिरल्या. फक्त अंमलदार सभेत कुडकुडत राहिला, वस्तीनेच दिलेली घोंगडी पांघरून. पाहुणा तो शेवटी पाहुणाच.

एका सकाळी मुलगा उभा राहिला आणि अडखळत आपल्या भाषेत बोलला. "माझं बोलणं अजून मोडकं आहे. पण पाण्यात पडणाऱ्या दाण्याला काय म्हणतात, ते आत्याने मला शिकवलंय. ज्याचं नाव मला आत्ता कुठे कळलं, ते मी दुसऱ्याच्या हवाली कसं करू? माझाही नकार आहे."

मुखिया भर सभेत रडला.

"काय म्हणाला तो?" अंमलदाराने विचारलं. मुलाने त्याच्याजवळ जाऊन त्याच्याच भाषेत नम्रपणे सांगितलं, "सभेने नाही म्हटलं आहे. आता निघा, तळं गोठायला लागलंय."

राजाला स्वतःचा दिलेला शब्द पाळावा लागला. पुढेही पाहुणे आले, त्यांना चांगली जागा मिळाली आणि त्यांच्या भाषेत कानात सांगणारा माणूसही मिळाला. सभा मात्र वस्तीच्याच भाषेत चालली, आणि म्हाताऱ्या पहिल्या रांगेत बसू लागल्या.

तात्पर्य: ज्यांना आपला कारभार आपल्या हाती ठेवायचा आहे, त्यांनी पाहुण्याला मान जरूर द्यावा, पण थांबावं आपल्या माणसासाठी.