दोन तारांची साक्ष

दूध संघाचे चेअरमन आबासाहेब इंगवले यांची गाडी चढावर अचानक मंदावायची. एकदा मंत्र्यांची सभा हुकली, तेव्हा मेहुणा कानाला लागला, "ड्रायव्हर मुद्दाम करतोय." एकोणीस वर्षं चाकरी केलेल्या भिकू लोंढेला आबासाहेबांनी त्याच दिवशी हाकललं. त्याला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही.

भिकू गेला, पण गाडीची खोड गेली नाही. शेवटी ती भिकूचा दोस्त दस्तगीर मिस्त्री याच्याकडे आली. त्यानं स्कॅनर लावला, पेडल हळूहळू दाबत आकडे बघितले.

"पेडलचा सेन्सर गेलाय, साहेब. पाय किती दाबला, हे तो इंजिनाला दोन तारांवरून कळवतो. दोन्हींचं सांगणं जुळलं नाही, की गाडी जोर धरत नाही."

"एक तार तर खरं सांगते ना? मग तिचं ऐकून पळायला काय होतं? बेअक्कल गाडी!"

दस्तगीरनं हात पुसले. "बेअक्कल कशी, साहेब? एकट्याच्या सांगण्यावर निकाल द्यायचा नसतो, एवढं तिला कळतं. भिकूच्या वेळी तिलाच विचारायला हवं होतं."

संध्याकाळी सेन्सर बदलल्यावर गाडी सुसाट गेली. पुढच्या सीटवर मेहुणा मात्र तोच होता.