बारा व्होल्टचा जोर

एकदा एका तालुक्याच्या गावी रंगनाथ नावाचा मिस्त्री राहत होता. हात कुशल, पण जीभ तिखट. सूतगिरणी बंद पडल्यावर त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान श्रीपतराव त्याच्याच गॅरेजात कामाला आले. पन्नाशी उलटलेले गृहस्थ, हयात साच्यांवर गेलेली. इंजिनाचे काम त्यांना अगदी नवे होते. रंगनाथ त्यांना रीतीप्रमाणे ‘अहो दाजी’ म्हणे, आणि त्या ‘अहो’च्या मागोमाग दिवसभर फैलावर घेई.

त्या सुमारास एका बागायतदाराचा जुना, पेट्रोलवर सुरू होणारा ट्रॅक्टर आला होता. त्याला सहा व्होल्टची बॅटरी लागे, आणि ती आता बाजारात मिळेना. रंगनाथने बारा व्होल्टची बसवली, त्याजोगा डायनॅमोही लावला. ठिणगीसाठी लागणारी कॉइल मात्र धडधाकट होती, म्हणून सहा व्होल्टची तीच ठेवली. ट्रॅक्टर झटक्यात सुरू झाला आणि थोड्या वेळाने आचके देत बंद पडला. कॉइल जळाली होती. तशीच दुसरी शोधून लावली, तीही जळाली. मालक रोज येऊन दारात बसू लागला.

रंगनाथ पुरता वैतागला. ज्यांच्या हाताखाली तो शिकला, त्या वृद्ध वस्तादांना त्याने बोलावून आणले. पण तेही सकाळपासून बाकावर नुसते बसून होते. अखेर सगळा राग दाजींवर निघाला. वायर तुम्हीच ढिली लावली असणार, तुम्हाला सांगून काही उपयोगच नाही, असे तो मालकासमोर बोलला. दाजींच्या हातून नट दोनदा निसटला. त्यांनी हात पुसले, जेवणाचा डबा पिशवीत घातला आणि उद्यापासून येणार नाही, असे खालच्या आवाजात सांगितले.

तेव्हा वस्ताद उठले. श्रीपतरावांना त्यांनी जरा थांबायला सांगितले. मग आपल्या पिशवीतून चिनी मातीचा एक ठोकळा काढला. त्यात तारेचे वेटोळे होते. नवी कॉइल लावून त्यांनी तो ठोकळा बॅटरी आणि कॉइल यांच्यामध्ये जोडला.

रंगनाथला राहवेना. “वस्ताद, एवढा खटाटोप करून मी जोर वाढवला, आणि तुम्ही वाटेत अडसर घालताय?”

वस्तादांनी स्टार्टरपासून एक वेगळी वायर कॉइलकडे आणली आणि चावी फिरवायला लावली. इंजिन सुरू झाले. मालकाचा चहा झाला, गप्पा झाल्या, उन्हे कलली, तरी ते एका लयीत चालतच राहिले. वस्तादांनी रंगनाथचा हात धरून कॉइलवर ठेवला. ती कोमट होती.

“सुरू होताना पूर्ण जोर लागतो,” ते म्हणाले, “तो या वेगळ्या वायरने मिळतो. पण चालू झाल्यावरही तोच जोर देत राहिलास, तर चांगली कॉइलसुद्धा जळते; म्हणून हा ठोकळा तो जोर निम्म्यावर आणतो. दोष कॉइलचा नव्हता, वायर लावणाऱ्याचाही नव्हता. आणि सकाळपासून मी फक्त ट्रॅक्टरच पाहत नव्हतो, रंगनाथ.”

रंगनाथने मान खाली घातली. दाजी पिशवी घेऊन दारापाशी उभे होते. तो त्यांच्याजवळ गेला.

“दाजी, चूक माझी होती,” तो म्हणाला. मालक ऐकत होता, तरी त्याने आवाज खाली आणला नाही. “दिव्यांना बारा व्होल्टचे बल्ब लावून वायरी जोडायच्या राहिल्यात. तुम्ही जोडाल का?”

दाजींनी त्याच्याकडे पाहिले, मग पिशवी खुंटीला अडकवली. दिव्यापाशी बसून त्यांनी पहिलीच वायर चुकीच्या जागी धरली. रंगनाथचे ओठ उघडले आणि मिटले. दाजी क्षणभर थांबले, त्यांनी वायर निरखून पाहिली आणि स्वतःच योग्य जागी लावली.