शेवंतीची दहा पेरे

एका राज्यात एक दालन होते, आणि त्या दालनात धारदार म्हणून काही न्यायचे नाही असा हुकूम होता. राणी निवर्तली तेव्हा राजा भद्रकेतूने तिची छबी रेशमी पडद्यात विणून घेतली होती. पडद्याला ओरखडा उठू नये म्हणून पहारेकरी तलवारी बाहेर ठेवीत, माळी काटे खुडून मगच गुलाब आत पाठवीत, दासी बांगड्या उतरवून झाडलोट करीत.

राजकन्या मंदारिकेची मांजरी शेवंती मात्र हुकूम जाणत नव्हती. एका सकाळी झोपून उठली, पडद्यापाशी मागच्या पायांवर उभी राहिली, अंग ताणले आणि राणीच्या पदरावरून पंजे ओढले. चार धागे उसवले.

राजा म्हणाला, "गुलाबाचे काढता तसे हिचेही काटे काढा."

"आज्ञा, महाराज," राजवैद्य म्हणाला. "नखेच ती."

मंदारिकेने विश्वास ठेवला. तिनेच शेवंतीला मांडीवर घट्ट धरले. नखे काढायला इतके रक्त कशाला, हे तिने विचारले, तोवर पुढच्या पायांची दहाही झाली होती.

त्या दिवसापासून शेवंती मांडीवर आली नाही. पुढचे पाय ती विस्तवावर ठेवावेत तसे टेकी. मुतायला माती भरून ठेवलेल्या परातीत पाऊल टाकले की कळ येई, म्हणून गालिच्यावर मुते, आणि दासी तिला हुसकावीत. चढता येईना, पळता येईना. मग जवळ येईल त्याला ती चावू लागली. मंदारिका दूध घेऊन बसे. शेवंती पलंगाखालून बघे. पूर्वी ती मांडीवर बसून कणीक तिंबावी तशी ओढणी तिंबायची. त्या वेळेला मंदारिकेची मांडी आताही वाट बघे.

इकडे दरबारी मंडळींनाही हौस आली. राजाच्या मांजरीचे काटे काढले, मग आमच्या मांजरांचे का नको? वैद्याच्या दारी टोपल्यांची रांग लागली.

आणि राज्यावर शाप पडला. राज्यातल्या सर्वांच्या बोटांची टोके बधिर झाली. विणकरांना धागा लागेना, वैद्याच्या हातात सुरी राहीना. राजाने पडद्यावर हात ठेवला, तर रेशीम की भिंत, त्याला कळेना.

खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. "हा शाप उत्तरेच्या वनातल्या तमसा मांत्रिकिणीचा. नखेही तिच्याच पेटीत गेली आहेत."

"तू पक्षी," मंदारिका म्हणाली. "तुला तर आनंद व्हायला हवा."

"झाला की. दोन दिवस झाला. हिने माझी दोन पिल्ले खाल्ली आहेत, राजकन्ये. पण तेव्हा ती मांजर होती. वैरीण असावी तर धड असावी. अशीला मी शिव्या तरी काय घालू?"

साळुंकी पुढे, मंदारिका मागे, अशी दोघी वनात गेल्या. तमसेचे घर सकाळभर चालायचे आणि दुपारी पिंपळाखाली बसायचे. ते बसल्यावर मंदारिका आत शिरली.

"काय हवे?" तमसेने विचारले.

"शेवंतीची नखे."

"तूच धरलेस ना तिला?"

"धरले."

तमसेने तिचा हात ओढला आणि बोटाच्या शेवटच्या सांध्यावर चिमटा काढला. "इथून छाटले. काटा खुडला, झुडूप जगते. मांजराचे नख हाडातून उगवते. नख काढायचे तर हाडाचे पेर जाते. दहा पेरे कापली गं तुम्ही! राज्य करता, आणि एवढे कोणी विचारले नाही?"

तमसेने तिचा हात सोडला.

"तीन कामे कर. माझा बोका हे चंदनी आसन ओरबाडतो. न मारता, न ओरडता थांबव."

मंदारिका दिवसभर बघत बसली. बोका उठे, ताणे, ओरबाडे, निघून जाई. तिने आसनाशेजारीच बाभळीचा खांब रोवला आणि त्यावर काथ्या गुंडाळला. खांब डुगडुगला, बोका फिस्कारून पळाला. तिने तो आणखी खोल रोवला, ताणलेल्या बोक्याहून उंच ठेवला, वर मांजरांना वेड लावणारी खोकलीची मुळी चोळली. तिसऱ्या दिवशी बोक्याने आसन सोडले.

"आता या रानमांजरीची नखे बोथट कर. रक्ताचा थेंब सांडू नये."

बोटांना काही लागत नव्हते. मंदारिकेने डोळ्यांनी काम केले. पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येई. उन्हात त्यात गुलाबी रेघ दिसे. रेघेपुढचे पांढरे टोक तेवढे ती कापी. एक नख, एक मासळीचा तुकडा, आणि मोकळीक. दहा नखांना दहा दिवस लागले.

तमसेने पेटी उघडली. "ही घे. पण ती जुळणार नाहीत. कापलेले पेर जोडायची विद्या माझ्याकडे नाही. आहे म्हणेल त्याला लबाड समज."

मंदारिका रडू लागली. "मग मी आले कशाला?"

"दारातल्या टोपल्यांसाठी. मी शाप उचलला की वैद्याच्या हाती पुन्हा सुरी येईल. म्हणून तिसरे काम: राजाने सुरी बंद करावी, आणि तो पडदा आपल्या हाताने उंच बांधावा."

मंदारिका परतली. तिने राजाच्या ओंजळीत पेटी रिती केली. नखांच्या मुळाशी हाडे होती. मग तिने राजाला तमसेची अट सांगितली.

"पडदा वर गेला, तर तिच्या पदराला मी हात कसा लावू?" तो म्हणाला.

"आत्ता तरी कुठे लागतो, तात?"

राजाने सुरी मोडून टाकायचा हुकूम दिला. मग स्वतः शिडीवर चढला आणि पडदा दोन पुरुष उंच बांधला. उतरल्यावर तो मंदारिकेच्या महालात जाऊन गुडघ्यांवर बसला आणि त्याने पलंगाखाली हात घातला. शेवंतीने कडकडून चावा घेतला.

"आई गं! दुखले!" राजा ओरडला, आणि बोटाकडे बघतच राहिला. दुखले होते.

"तिलाही," मंदारिका म्हणाली.

शाप उतरला. माग चालू झाले. टोपल्या उघडल्या आणि मांजरे दहाही नखांनिशी घरी गेली. घरोघरी काथ्याचे खांब उभे राहिले. वैद्य रेघेपुढचे टोक कापायला शिकला. चुकला की साळुंकी त्याला सगळ्या बाजारासमोर नावे ठेवी.

शेवंतीच्या परातीत आता चाळलेली मऊ वाळू होती. तरी ती मांडीवर आली नाही. मंदारिका रोज जमिनीवर बसे, हाक न मारता. एका दुपारी शेवंती पलंगाखालून निघाली, लंगडत हातभर अंतरावर आली आणि तिच्याकडे पाठ करून अंग चाटू लागली. ज्याचे भय असते त्याच्याकडे मांजर पाठ करीत नाही. मंदारिकेचे हात शिवशिवले. तिने ते मांडीखाली दाबून धरले आणि ती बसून राहिली.