वाटी आणि नवा चिमटा

बसा एकदाचे खाली. गोष्ट सांगा, गोष्ट सांगा करून माझा चहा गार केलात. ऐका आता.

फार मागे, सायकलीचे भाग बोलायचे तेव्हा, महादू घोलपाच्या डोंगरी सायकलीत एक लोखंडी वाटी होती. हँडलखालच्या नळीत बसून ती पुढच्या चाकाचा चिमटा न डळमळता फिरवायची. एक दिवस महादूनं जुना चिमटा काढला आणि स्प्रिंगवाला चकचकीत नवा आणला.

जुना जाता जाता म्हणाला, "वाटे, ह्याची तुझ्यात बसायची दांडी बारीक दिसते. माप तरी बघ."

वाटी दचकली. माप जुळलं नाही तर आपणच भंगारात! ती गोड हसून म्हणाली, "या पाव्हणं, जागा तुमचीच!"

"मी कुठंही बसतो!" नवा ऐटीत म्हणाला. महादूनं त्याला वाटीत घातलं, उरलेल्या फटीत रबराची पट्टी कोंबली आणि सायकल उतारावर सोडली.

मग काय विचारता! चिमटा नाचायला लागला, वाटी गरगरली, हँडल देवळाकडं आणि चाक ओढ्याकडं.

"अगं, धर की मला!" चिमटा ओरडला.

"कशी धरू? तू बसतच नाहीस माझ्यात!" वाटी किंचाळली. खरं बोलली, पण अर्ध्या उतारावर.

सायकल थेट कांद्याच्या ढिगात घुसली. महादूनं डोक्यावरची सालं झटकली आणि घरी जाऊन जुना चिमटा परत बसवला.

"आता माप घेतलंस का?" जुन्यानं विचारलं.

"गप फिर," वाटी म्हणाली, आणि खुशीत त्याला फिरवू लागली.

कांदे माझे होते. महादू घोलपानं अजून माफी मागितलेली नाही.