विहीणबाईंचा डिजिटल आवाज

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव पुंडलिक. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तसंच करायचा.

त्याच्या बहिणीचं, चित्राचं, लग्न होतं. नवरदेवाच्या आईने, म्हणजे विहीणबाईंनी, मंगलाष्टकं स्वतः रचली होती. सासरच्या एकाही माणसाचं नाव त्यातून सुटलं नव्हतं. ऐन वेळी घसा बसला तर? म्हणून आधीच गाऊन रेकॉर्डही करून ठेवली होती. निरोप आला, "मुहूर्तावर खणखणीत वाजली पाहिजेत. नाहीतर अंतरपाट दूर होणार नाही."

चित्राचं तोंड एवढंसं झालं. कारण स्पीकरवाले दिगंबरकाका नेमके पाय मोडून घरी पडले होते. त्यांनी कॉम्प्युटर, त्यातला आवाज स्पीकरला पोचवणारी साउंड कार्डाची डबी आणि भलामोठा स्पीकर मांडवात पाठवला. "जोडायचं कसं ते फोनवर सांगतो," म्हणाले.

"दादा, आज तरी नीट कर रे," चित्रा म्हणाली.

"करतो की!"

पुंडलिकने डबीच्या मागे वायर खुपसली. जाईना. बुक्की मारली. तरी जाईना.

"काका, भोकच बुजलंय."

"अरे शहाण्या, त्यावर रबरी टोपण असतं. आत घ्यायच्या आधी वरचं काढायचं!"

"हां. लक्षात ठेवतो."

टोपण निघालं, वायर बसली. तेवढ्यात वरात दारात आली.

"पुंडलिक, नवरदेवाला आत घे!" वडील ओरडले.

पुंडलिकने आत घ्यायच्या आधी वरचं काढलं. म्हणजे फेटा. बांधायला अर्धा तास लागला होता.

वडिलांनी कपाळावर हात मारला. "गाढवा, मानाचं असेल त्याला हात लावायचा नाही. लांबून नमस्कार करायचा!"

"हां. लक्षात ठेवतो."

फेटा पुन्हा बांधेपर्यंत मुहूर्ताला दहा मिनिटं उरली. इकडे विहीणबाईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून हार घातला होता. त्यांचा आवाज होता ना त्यात!

"आता माउस धर," फोनवर काका म्हणाले.

पुंडलिक चार पावलं मागे सरला.

"धरलास का?"

"नमस्कार करतोय, काका."

"कुणाला?"

"कॉम्प्युटरला. मानाचा आहे."

काका फोनवरच कडाडले. "अरे, धर तो माउस! आवाजाची यादी उघड. दोन नावं दिसतील. डिजिटल म्हणजे स्पीकरचं, ते ठेव, दुसरं बंद कर. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला की घोळ होतो. कळलं?"

"कळलं."

आणि खरंच कळलं होतं! मुहूर्ताला अंतरपाट धरला आणि स्पीकरमधून मंगलाष्टकं अशी खणखणली की मांडवावरचे कावळे उडाले. चित्राच्या जिवात जीव आला.

चौथ्या कडव्यात लेकाचं नाव आलं. विहीणबाईंचा ऊर भरून आला. राहवेना. त्या उठल्या आणि स्पीकरच्या बरोबरीने स्वतःही गाऊ लागल्या.

पुंडलिक दचकला. एकच आवाज. दोन ठिकाणांहून.

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रुखवतातला सगळ्यांत मोठा बुंदीचा लाडू उचलला आणि विहीणबाईंच्या उघड्या तोंडात गच्च बसवला.

भटजींच्या हातून अंतरपाट आपोआप गळून पडला.

पुंडलिकने समाधानाने फोन कानाला लावला. "काका, घोळ मिटला. विहीणबाई आता फक्त डिजिटल वाजतायत."