वीस पावलं मागे

एका जंगलात तरसांची दोन भावंडं राहत असत, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. मेलेलं जनावर खाऊन संपवायचं, हे तरसांचं काम. ते त्यांनी केलं नसतं तर अख्खं जंगल महिन्याभरात सडलं असतं. पण मुलांनो, आपली घाण जो उचलतो त्यालाच घाणेरडं म्हणायचं, ही मोठ्यांची जुनी खोड आहे. जंगलातले मोठे तरसांना 'मढेखाऊ' म्हणत. नुसतं म्हणून थांबत नसत. उन्हाळ्यात ओढा आटून एकच डोह उरायचा. म्हातारा सांबर काठावर उभा राहून "मढेखाऊ" एवढंच म्हणायचा, की तरसांनी वीस पावलं मागे जाऊन थांबायचं. सगळ्यांचं पिऊन झालं की उरलेला गढूळ गाळ त्यांचा. हा नियम कोणी केला ते कोणालाच माहीत नव्हतं, पाठ मात्र सगळ्यांना होता.

त्या वर्षी एका तरुण नीलगाईने सभेत भांडून तो शब्द बंद करवला. ज्याच्या तोंडून तो निघेल, त्याला तीन दिवस डोहावर यायची बंदी. मोठ्यांनी माना डोलावल्या, कारण चारचौघांत नाही म्हणायची लाज वाटत होती. मनातून ते धुमसत होते. सांबर वानराला म्हणायचा, आपण एवढी वर्षं प्रेमानं म्हणत होतो, आता त्यातही यांना काटे दिसायला लागले. वानर म्हणायचा, हो ना रे थेरड्या, जमानाच बिघडला. हे दोघे एकमेकांना दिवसभर थेरड्याच म्हणत. एकदा त्यांचं ऐकून सांबराचं नातवंड, एक पाडस, वानराला थेरड्या म्हणालं, तर वानराने त्याच्या अशी कानफटात दिली की ते दोन दिवस एकाच कानाने ऐकत होतं.

वैशाखात धाकट्या तरसाच्या पायात काटा मोडला. पाय सुजला, अंगात ताप भरला, दोन दिवस त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. बहीण त्याला ढकलत, सावरत भर दुपारी डोहाकडे घेऊन आली. काठाजवळ येऊन त्याने बसकणच मारली. तिने त्याला नाकाने ढुशी दिली आणि हसत म्हणाली, "ऊठ रे मढेखाऊ, पाणी काय तुझ्याकडे चालत येणार आहे?" त्यांची आई दोघांना याच नावाने जेवायला हाक मारायची. आईच्या आठवणीने भाऊ तापातही हसला, उठला आणि लंगडत दोन पावलं पुढे आला.

सांबर जणू याचीच वाट बघत होता. तो दोघांच्या आडवा येऊन उभा राहिला.

"ऐकलंत सगळ्यांनी? यांनी म्हटलं तर लाड, आम्ही म्हटलं तर गुन्हा. बोलणारी आणि हसणारा, दोघांनाही तीन दिवस बंदी."

वानराने झाडावरून री ओढली, की बंदी नको असेल तर शब्द पुन्हा सगळ्यांना मोकळा करा, न्याय कसा सारखा हवा. नीलगायीने मान खाली घातली. नियम तिनेच केला होता.

बहिणीने भावाकडे पाहिलं. त्याची जीभ कोरडी पडून लोंबत होती. तीन दिवस तो काढणार नाही, हे तिला दिसत होतं.

"बंदी काढा आणि शब्द मोकळा करा," ती म्हणाली. "आजोबा, तुम्हीच आधी म्हणा."

सांबराला वाटलं, आपण जिंकलो. त्याने मान ताठ केली आणि जुन्या ठसक्यात म्हणाला, "मढेखाऊ."

धाकटा तरस मागे सरला. पाय सुजलेला होता, पाणी नाकासमोर होतं, तरी त्याचे पाय आपोआप मागे निघाले. एक पाऊल, दुसरं, तिसरं.

"बघितलंत?" बहीण म्हणाली. "मी म्हटलं तेव्हा हा पुढं आला. तुम्ही म्हटलं तर मागं चाललाय."

सांबर पुटपुटला, की तो प्रेमानंच म्हणत होता.

"प्रेमानं म्हणत होतात, तर वीस पावलं कशाला हवी होती? म्हणा, आजोबा. दिवसभर म्हणा. आजपासून आम्ही हलणार नाही."

आणि ती भावाच्या पाठीशी जाऊन अशी उभी राहिली की त्याला मागे सरायला जागाच उरली नाही.

सांबराने पुन्हा तो शब्द म्हटला. दोघं हलली नाहीत. तिसऱ्यांदा तो एवढ्या जोरात ओरडला की त्याचा आवाज चिरकला आणि मघाचं ते पाडस फिस्सकन हसलं. नीलगाय बाजूला सरकली आणि म्हणाली, इकडं या, इथलं पाणी निवळ आहे. धाकट्याने नाकापर्यंत तोंड बुडवलं आणि घटाघटा पिऊ लागला. मग बहीणही त्याच्या शेजारी वाकून प्यायली.

मुलांनो, आकाश कोसळलं नाही. पाणी बाटलं नाही. भांडून घसा सुकलेला वानर मुकाट्याने खाली उतरला. सांबर बराच वेळ बोलत राहिला, पण ऐकायला कोणी नव्हतं. शेवटी तोही वाकला आणि तरसांच्या शेजारीच प्यायला.

परतताना भावाच्या अंगातला ताप उतरला नव्हता, पण पोट गार झालं होतं. लंगडत का होईना, तो पुढे चालत होता. वळून तो बहिणीला म्हणाला, "चल की मढेखाऊ, मागं काय राहतेस?"

तात्पर्य : शब्द कोणी उच्चारला यावर भांडण्याआधी, तो ऐकून कोणाला मागे सरावं लागतं ते बघा, आणि जो आयुष्यात कधी वीस पावलं मागे गेला नाही, त्याने 'न्याय सारखा हवा' म्हणून गळा काढू नये.