बुजवलेली बिळं

खाडीला अजून बांध नव्हता तेव्हाची गोष्ट. काठावरच्या खाजणात, भरतीचं पाणी शिरणाऱ्या खारट जमिनीवर, म्हशींचा एक कळप चरत असे. थोरली भुरी रोज सगळ्यांकडून खेकड्यांची बिळं तुडवून घेई. रेडकांचे पाय त्यांत अडकून मोडतील, ही तिची भीती.

तरण्या चांदरीला मात्र दिसत होतं की तुडवलेली माती दगडासारखी झाली आहे. भरतीचं पाणी मुरत नव्हतं. ते वरच साचून सुके, मागे पांढरं मीठ उरे आणि गवत जळून जाई. आणि चांदरी गाभण होती; तिच्या रेडकाला हेच गवत लागणार होतं.

"आजी, बिळांतूनच पाणी खाली जातं," ती म्हणाली.

"माझी शिंगं वळली तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस."

"शिंगं वळली, मान काही वळत नाही. जिथे खेकडे उरलेत, तिथलं गवत बघ तरी."

भुरीने खूर उचलला. चांदरी शेवटच्या हिरव्या तुकड्यासमोर आडवी बसली. "आधी मला तुडव."

तेवढ्यात एक खेकडा बिळातून वर आला आणि खालच्या ओल्या मातीची गोळी ठेवून पुन्हा खाली गेला. भुरीने ती बराच वेळ हुंगली. मग खूर बाजूला टेकून ती माळाच्या वाटेला लागली. कळपही तिच्यामागे गेला.

चांदरी उठली नाही. आज खूर थांबला होता, पण भुरी उद्याही येणार होती.